दीर्घ धावेची तात्पुरती वजनवाढ

वनरक्षकाच्या भरतीत पुरुष उमेदवारास २५, तर स्त्री उमेदवारास १६ किलोमीटर अंतर चार तासांत कापावे लागते. घुग्घुससारख्या गावातील उमेदवार त्यासाठी दोन-तीन दिवस अगोदर व्यायाम कमी करून भात वाढवितो, आणि काट्यावर किलो-दीड किलो अधिक दिसताच घाबरून जेवण तोडतो. ही वाढ चरबीची नव्हे. बेर्गस्ट्रोम व हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ साली एकाच पायाने सायकल चालवून पाहिली. पुढे पिष्टमय आहार घेतल्यावर त्या थकलेल्या पायाच्या स्नायूत ग्लायकोजेनचा साठा दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठते; म्हणजे साठा ३०० ग्रॅमांनी वाढला, तरी वजन सव्वा किलोच्या आसपास वाढणारच. तेव्हा जेवण तोडणारा उमेदवार आपले इंधनच तोडीत असतो. चाचणीनंतरही स्नायूंची सूज आणि मूत्रपिंडांनी राखून ठेवलेले क्षार व पाणी यांमुळे काटा चढतो, व काही दिवसांत आपोआप उतरतो. धावतानाच वजन वाढले, तर मात्र प्रकार निराळा : घामाहून अधिक पाणी प्याल्याने रक्तातील सोडियम घटते, आणि ते जिवावर बेतू शकते.