बाळंतिणीची चूल कोणी सांभाळायची?

नांदेड/लातूर : पहाटेचे साडेचार. लेकरू रात्रीतून चौथ्यांदा जागे झालेले. त्याला पाजून आई पाठ टेकते न टेकते तोच खालच्या मजल्यावर मोटार सुरू झाल्याचा आवाज येतो. नळाला पाणी आले आहे आणि आता भरले नाही, तर पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. साडेसहाला दूध, आठला पतीचा डबा, त्यानंतर धुणे-भांडी आणि या सगळ्यात दर दोन-अडीच तासांनी पुन्हा लेकरू. नांदेडच्या तरोडा-श्रीनगर भागात किंवा लातूरच्या औसा रोड, बार्शी रोडवर दोन खोल्यांचा संसार मांडलेल्या अनेक तरुण जोडप्यांच्या घरी पहिल्या अपत्यानंतरचे दिवस असेच उजाडतात. डिंकाच्या लाडवांचा डबा गावाहून आलेला असतो. पण तो बसून खाण्याइतकी उसंत बाळंतिणीला नसते.

मराठवाड्यात बाळंतपण म्हटले की लाडू, हळिवाची खीर, शेक-शेगडी आणि बारसे आठवते. परंतु या साऱ्याच्या मुळाशी एक साधी व्यवस्था होती. ठरावीक दिवस बाळंतिणीने चुलीपुढे बसायचे नाही, हंडा उचलायचा नाही, धुण्याला हात लावायचा नाही. बदलत्या शहरी जीवनात पदार्थ टिकले, मात्र ही व्यवस्था मोडकळीस आली. ती नव्याने कशी उभारायची, हा आजच्या घरांपुढचा खरा प्रश्न आहे.

सव्वा महिन्याचा अर्थ

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत मराठवाड्यात आजही मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. पाचवी, बारसे आणि मग सव्वा महिना अशा टप्प्यांनी बाळंतीण हळूहळू घरात वावरू लागे. मुस्लिम घरांत हाच काळ ‘चिल्ला’ म्हणून चाळीस दिवसांचा मानला जातो. नांदेडच्या शीख कुटुंबांत बाळंतिणीसाठी पंजिरी केली जाते. रीती निरनिराळ्या असल्या, तरी दिवसांचा हिशेब जवळपास सारखाच आहे. आधुनिक वैद्यकशास्त्रही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे हा शरीर पूर्वपदावर येण्याचा काळ मानते. गर्भाशय मूळ आकाराला येणे, टाके भरणे, रक्तस्राव थांबणे आणि दूध स्थिरावणे या सर्व गोष्टी याच अवधीत घडतात.

सोयराच्या विटाळामुळे बाळंतिणीला स्वयंपाकघर वर्ज्य होते, ही या रीतीची न स्वीकारण्याजोगी बाजू. पण त्या निमित्ताने का होईना, तिला विसावा मिळत असे. अर्थात तो सर्वांच्या नशिबी नव्हता. शेतमजूर आणि ऊसतोड कुटुंबांतील स्त्रियांना ओल्या अंगाने कामावर परतावे लागल्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. ज्यांना विश्रांती मिळे, त्यांच्याही घरचे काम नाहीसे होत नव्हते. ते आई, भावजय, चुलती यांच्या अंगावर जाई. पुरुषांच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नसे. आता भावजय बँकेत किंवा शाळेत नोकरीला आहे आणि आईचे गुडघे दुखतात. त्यामुळे जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणता येणार नाही, हे आधी मान्य करावे लागते.

कामे मोजल्याशिवाय वाटली जात नाहीत

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. नवजात बाळाची भर पडली की हा ताण एकदम वाढतो. नवजात अर्भक दिवसरात्रीतून ८ ते १२ वेळा दूध पिते. एका वेळेला अर्धा तास धरला, तरी चार ते सहा तास केवळ पाजण्यात जातात. हे काम आईखेरीज कोणी करू शकत नाही. म्हणून दुसरे जे जे काम इतर कोणी करू शकेल, ते आईकडून काढून घेणे, हाच वाटणीचा पहिला नियम ठरतो.

बाळ ढेकर देईपर्यंत खांद्यावर धरणे, लंगोट बदलणे, अंग पुसणे, झोपवणे, दुपटी वाळत घालणे ही कामे पित्यालाही तितकीच जमतात. ‘मदत करतो’ असे म्हणण्यापेक्षा कामे नावानिशी ठरवलेली बरी. पाणी भरणे, दूध तापवणे, सकाळचा कुकर आणि रात्रीची भांडी पतीची; भाजी निवडणे आणि दुपारी बाळाजवळ बसणे सासू किंवा आईचे; धुणे-फरशी कामवाल्या मावशींची, अशी यादी सातव्या महिन्यातच कागदावर लिहिली, तर पुढचे रुसवेफुगवे पुष्कळ टळतात. ज्या पुरुषाने कधी कुकर लावलेला नाही, त्याने तो लावायला शिकण्याची वेळही तीच.

याला शस्त्रक्रियेचाही संदर्भ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात आणि साधारण चारांतील एक सिझेरियनने होते. पोटावर टाके असलेल्या स्त्रीने पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असा सल्ला दिला जातो. पाण्याची घागर, भिजलेल्या धुण्याची बादली आणि भरलेला मोठा कुकर ही तिन्ही त्या मर्यादेबाहेरची ओझी आहेत.

स्वयंपाकघराला मराठवाड्याचाच आधार

तान्ह्या लेकराच्या घरी दोन्ही वेळा साग्रसंगीत स्वयंपाकाचा हट्ट परवडत नाही. मराठवाड्याच्या खाद्यपरंपरेत याचे उत्तर आहे. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळून केलेले येसर उन्हाळ्यात करून ठेवले की महिनोन्‌महिने टिकते. फोडणीच्या पाण्यात ते कालवून उकळी आणली की पाऊण तासाचे काम दहा मिनिटांत होते. बाळंतिणीसाठी त्यातले तिखट बेताचे ठेवावे, इतकेच.

दशम्या आणि धपाटे हे मुळात प्रवासाचे पदार्थ. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, म्हणून सकाळी केलेल्या दशम्या रात्री तीन वाजता लागणाऱ्या भुकेलाही उपयोगी पडतात. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कांदा-कोथिंबिरीचे धपाटे लवकर उतरतात. त्या दिवसांत ते त्या त्या वेळीच खावेत. वरणफळे म्हणजे वरण आणि पोळी एकाच पातेल्यात. मुगाची खिचडी, भाज्या घातलेला दलिया हेही त्याच जातीचे. कुकरच्या तीन डब्यांत तुरीचे वरण, भात आणि दुधी किंवा भोपळ्याची भाजी एकदम लावली की गॅस, भांडी आणि वेळ तिन्ही वाचतात.

भाकरी हे मात्र हाताचे आणि वेळेचे काम. दोन्ही शहरांत पोळी-भाकरी नगावर करून देणाऱ्या महिला आणि पोळीभाजी केंद्रे आहेत. सव्वा महिना भाकरी विकत आणणे हा गृहिणीचा कमीपणा नव्हे. बारशाचा खर्च थोडा आवरला, तर त्यातून महिनाभराच्या भाकरीची सोय होऊ शकते. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. वीज गेल्यास फ्रीज वारंवार उघडू नये.

बाळंतिणीचे ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्तनदा मातेला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. नेहमीच्या जेवणावर एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एक छोटा लाडू आणि पेलाभर दूध घेतले की ही गरज बहुतांशी भागते. म्हणजे तुपात पोहणाऱ्या लाडवांचा मारा आवश्यक नाही. हळीव, खारीक, तीळ, मेथी, शेपू, बाजरी हे पदार्थ पौष्टिकच आहेत. परंतु ‘पालेभाजी बाधते’, ‘डाळीने बाळाचे पोट दुखते’, ‘पाणी जास्त प्यायचे नाही’ म्हणून आईचे ताट आखडणे चुकीचे. पाणी तोडल्याने थकवा आणि बद्धकोष्ठता वाढते. बाळाला घेतले की पाण्याचा तांब्या आणि खाऊचा डबा हाताशी हवा, हे पाहणे घरातल्या दुसऱ्या माणसाचे काम. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने घ्यायच्या असतात. कामाच्या गडबडीत त्या सर्वांत आधी विसरल्या जातात.

बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. घुटी आणि मध टाळावा. मधामुळे एक वर्षाखालील बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. या पथ्याचा घरकामाशीही संबंध आहे. बाटल्या उकळणे, वाटी-चमचे निर्जंतुक करणे, पाणी गाळून थंड करणे ही कामे यामुळे आपोआपच वाचतात.

पाण्याचा हिशेब

लातूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने या शहराला पाणी आणावे लागले होते. विष्णुपुरीच्या जलाशयावर विसंबून असणाऱ्या नांदेडकरांनाही उन्हाळ्यात काटकसर ठाऊक आहे. तान्ह्या बाळाला दिवसाला सहाहून अधिक वेळा लघवी होते, शीची दुपटी वेगळीच. म्हणजे दिवसाकाठी पंधरा-वीस कपडे सहज पडतात.

टंचाईच्या दिवसांत शीचे लंगोट आणि लघवीचे लंगोट यांच्या बादल्या वेगळ्या ठेवाव्यात. धुणे दिवसातून एकदाच काढावे. शेवटच्या खळबळीचे पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला आणि त्यानंतर संडासात वापरावे. कपडे कडक उन्हात वाळवावेत. मराठवाड्यात पाणी कमी असले तरी ऊन भरपूर आहे. बाळाला रोज घंगाळभर पाण्याने न्हाऊ घालण्याचीही गरज नाही. मऊ ओल्या फडक्याने अंग पुसले तरी चालते. काटकसर करायची नाही ती फक्त साबणाने हात धुण्यात. लंगोट बदलल्यावर, तसेच स्वयंपाकाला व बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुतलेच पाहिजेत.

दारापर्यंत येणारी मदत

सरकारी रुग्णालयात प्रसूती झाल्यास २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून साध्या प्रसूतीनंतर तीन आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मातेला मोफत आहार आणि घरी पोहोचवण्यासाठी वाहन मिळते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देणे अपेक्षित असते. अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने पूरक आहार मिळतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातांना पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये दिले जातात. योजनेचा उद्देशच बुडालेल्या मजुरीची काही अंशी भरपाई हा आहे. तेव्हा ही रक्कम घरखर्चात विरून जाण्याऐवजी धुणे-भांड्यांच्या बाईच्या पगारावर खर्च झाली, तर ती सत्कारणी लागेल.

संघटित क्षेत्रातील मातांची भरपगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत मात्र पित्याला रजा देण्याचे कायदेशीर बंधन नाही. दुकान, शिकवणी वर्ग, छोटी कार्यालये यांतील पित्यांनी हक्काची रजा बारशासाठी शिलकीत टाकण्याऐवजी पत्नी रुग्णालयातून घरी येते त्या पहिल्या आठवड्यासाठी राखावी, कारण खरी गरज तेव्हाच असते.

थकवा कधी आजार असतो?

पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ते ‘नखरे’ नव्हेत. तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशन मिळते. फार रक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी वा अंधारी, एकाच पायाला सूज व दुखणे ही आईच्या बाबतीत. आणि दूध न ओढणे, अंग तापणे वा गार पडणे, धाप लागणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे ही बाळाच्या बाबतीत विनाविलंब दवाखान्यात जाण्याची लक्षणे होत.

शेक-शेगडीची हौस असल्यास खोलीची खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू माय-लेकरांच्या जिवावर बेतू शकतो. कडेवर बाळ घेऊन गॅसजवळ जाऊ नये, गरम चहाही पिऊ नये.

भेटायला येणाऱ्या आप्तेष्टांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झबले-टोपडे प्रत्येक जण आणतो आणि त्यांचा ढीग कपाटात पडून राहतो. त्याऐवजी चार माणसांना पुरेल इतक्या भाजी-भाकरीचा डबा आणला, चहा स्वतःच करून घेतला आणि निघताना सिंकमधली भांडी विसळली, तर त्या घरी दुपारी एक झोप जास्त होईल. बाळंतिणीला त्याहून मोठा आहेर नाही.