मत टपालाने की बोटाने?

पळसदेवनं एकदा अख्ख्या गावाचा पत्ता बदललाय. उजनी धरणाचं पाणी अडलं, जुनं गाव भीमेच्या फुगवट्याखाली गेलं आणि वस्ती पुणे-सोलापूर महामार्गाकडे सरकली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं आणि फोटोवाल्यांची झुंबड उडते. मतदार यादीचं या देवळासारखं नाही. तिच्यात एकदा बुडालेलं नाव आपोआप वर येत नाही, त्याला अर्ज भरावा लागतो.

हे गाव इंदापूर विधानसभा (क्रमांक २००) आणि बारामती लोकसभा (क्रमांक ३५) मतदारसंघात येतं. इथली निवडणूक म्हटलं की राज्यभराचे कान टवकारतात. कोण येणार, कोण पडणार यावर चहाच्या टपरीवर पैजा लागतात. मत द्यायचे नियम वाचायला कुणाला वेळ नसतो. पण खरी गंमत त्यातच आहे.

कार्ड खिशात, नाव गायब

मतदान केंद्रावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: “अहो, कार्ड आहे की माझ्याकडं!” कार्डावरून तुम्ही कोण हे कळतं. मताचा हक्क मिळतो तो यादीतल्या नावानं. उलट कार्ड हरवलं आणि नाव यादीत असलं तरी काही अडत नाही. आधार, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, यातलं काहीही चालतं. चालत नाही ती घरी आलेली नुसती मतदार चिठ्ठी. २०१९ पासून ती ओळखीचा पुरावा धरली जात नाही.

वर्षाला चार मुहूर्त

पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असतील तरच यादीत प्रवेश मिळायचा. २ जानेवारीला जन्मलेला बिचारा वर्षभर ताटकळायचा. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो. वय भरलं की नाव चढतं.

त्यासाठी नमुना ६ भरायचा. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा जोडायचा. मोबाइलवरून निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरा, नाहीतर गावच्या बीएलओंकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे) कागद द्या. हे बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई. कोण ते ठाऊक नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन लावा. मतदारांच्या मदतीसाठीच तो आहे.

सूनबाईंचा नमुना ८

लग्न झालं, करमाळ्याची लेक पळसदेवची सून झाली. नाव माहेरीच राहिलं तर मतदानाच्या दिवशी माहेरपण आलंच! नमुना ८ भरला की नाव सासरच्या यादीत येतं. पत्ता बदलणं, नावातली चूक, खराब फोटो, हरवलेलं कार्ड, या सगळ्याला हा एकच नमुना. नाव कमी करायला किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायला नमुना ७. थोडक्यात, ६ म्हणजे या, ७ म्हणजे जा आणि ८ म्हणजे दुरुस्ती.

“अमक्याची बायको” यादीबाहेर

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१-५२) याद्या बनताना देशात अनेक बायकांनी परक्यासमोर स्वतःचं नावच सांगितलं नाही. नोंद झाली ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी धरायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर काही खूण करायची नाही, आपल्या माणसाच्या पेटीत ती टाकायची. यातल्या लाखो पोलादी पेट्या बनल्या मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात.

सातबारा इथं, मत कुठं?

गावात दहा एकर बागायत आहे म्हणून गावात मत, असं कायदा म्हणत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम २० सांगतं की नुसती मालमत्ता असल्यानं कुणी त्या ठिकाणचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. मुक्काम कुठं, ते महत्त्वाचं. पुण्यात फ्लॅट आणि गावात वाडा असला तरी नाव एकाच यादीत हवं. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मत हलवण्यात थोरामोठ्यांनाही सूट नाही. शरद पवार यांनी २०१९ च्या लोकसभेला मत दिलं मुंबईत, २०२४ ला बारामतीत.

घरच नसलेल्यांचं काय? पुलाखाली झोपणाऱ्याचंही नाव लागतं. पत्त्याचा कागद नसतो, म्हणून बीएलओनं रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का ते पाहायचं असतं.

टपालानं मत? सगळ्यांना नाही

“मी चाकणला कामाला, मत पोस्टानं पाठवू का?” नाही पाठवता येत. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कुणीही घरबसल्या पोस्टानं मत देतो. आपल्याकडं टपाली मतपत्रिका ठरावीक लोकांनाच मिळते: सैन्यातले जवान, परदेशी नेमणुकीवरचे सरकारी कर्मचारी, निवडणुकीच्या ड्यूटीवरचे, आयोगानं जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवांतले, ८५ वर्षांवरचे, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेले. साध्या तुरुंगातल्या कैद्याला मतच नाही, कच्चा कैदी असला तरी. गंमत अशी की कच्चा कैदी निवडणुकीला उभा मात्र राहू शकतो.

चाकणवाल्या, भोसरीवाल्या पोरांसाठी कायद्यात दुसरी सोय आहे: भरपगारी सुट्टी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५ ब नुसार ती रोजंदारीवाल्यालाही मिळते आणि मतदारसंघाबाहेर नोकरी करणाऱ्यालाही. न देणाऱ्या मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत. रक्कम ऐकून मालकाला घाम फुटेल असं नाही, पण सुट्टी हक्काची आहे.

जवानाचं पाकीट

सीमेवरच्या जवानाची मतपत्रिका आता संगणकावरून जाते. ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली २०१६ मध्ये, पुदुच्चेरीतल्या नेल्लीथोपच्या पोटनिवडणुकीत. जाते विजेच्या वेगानं, परत येते मात्र टपालानंच. जवान ती उतरवून घेतो, छापतो, खूण करतो आणि लहान पाकिटात बंद करतो. सोबत सहीचं घोषणापत्र वेगळं ठेवतो, मग दोन्ही मोठ्या पाकिटात घालून पोस्टात टाकतो. तिकीट लावावं लागत नाही.

मोजणीच्या टेबलावर आधी पाकिटावरचा क्यूआर कोड तपासतात, मग मोठं पाकीट फोडतात. घोषणापत्र सापडलं नाही, तर लहान पाकीट न उघडताच मत बाद! मतपत्रिकेवर हौसेनं सही ठोकली तरी बाद, कारण मत कुणाचं ते कळता कामा नये. मोजणी सुरू होण्याच्या ठोक्याला पाकीट पोचलं नसेल तर तेही गेलं.

बोटांची भाषा

जवानाला आणखी एक मार्ग आहे. टपालाऐवजी तो गावातल्या माणसाला आपला प्रॉक्सी नेमू शकतो. ही सोय २००३ पासूनची. मग त्या माणसाला दोन मतं, एक स्वतःचं, एक जवानाचं. पण शाई एकाच बोटावर दोनदा कशी लावणार? म्हणून प्रॉक्सीच्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला.

अंध मतदारासोबत आत जाणाऱ्या सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई लागते, कारण एका दिवसात एकालाच सोबत करता येते. तेव्हा बोट बघून ओळखा: डावी तर्जनी म्हणजे स्वतःचं मत, डावं मधलं म्हणजे जवानाचं, उजवी तर्जनी म्हणजे सोबत केली. डावी तर्जनीच नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताचं. दोन्ही हातांना बोटं नसतील तर हाताच्या टोकाला. नियमात एवढं सगळं लिहून ठेवलंय. शाई येते म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून, १९६२ पासून. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवर असं बसतं की साबण हात टेकतो.

आजीच्या ओसरीवर मतदान केंद्र

८५ च्या पुढच्या आजी-आजोबांना बीएलओ नमुना १२-ड घरपोच देतात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून द्यायचा. मग ठरल्या दिवशी पथक दारात येतं: कर्मचारी, पोलीस आणि व्हिडिओवाला. चित्रीकरण सगळ्याचं होतं, फक्त आजी कुणाला मत देते त्याचं नाही. वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ८५ झाली. पथक आलं तेव्हा आजी लेकीकडं गेली असेल तर आणखी एक फेरी होते. तेव्हाही भेटली नाही तर संधी संपली. कारण एकदा टपाली मत निवडलं की यादीत नावापुढं तशी खूण होते आणि केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

कोयता इकडं, मत तिकडं

२०२४ मध्ये ऊस गाळप सुरू करायला परवानगी मिळाली १५ नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. बीडकडच्या ऊसतोड कामगारांचा फड इंदापूर-बारामतीत, मत गावाकडं. तात्पुरतं बाहेर गेल्यानं गावचं रहिवासीपण जात नाही, म्हणजे नाव शाबूत. पण टपाली मत नाही, त्यामुळं जायचं तर स्वतः. अशांसाठी निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये एक यंत्र पक्षांपुढं मांडलं होतं. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. पक्षांनी शंका काढल्या, यंत्र काही आलं नाही.

साता समुद्रापलीकडं गेलेल्यांचंही तेच. भारतीय नागरिकत्व सोडलं नसेल तर नमुना ६-अ भरून गावच्या यादीत नाव लागतं, २०११ पासून. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर हजर व्हायचं.

एका मतानं पुढं, ४८ मतांनी मागं

टपाली मतांनी काय फरक पडतो? मुंबई वायव्यला विचारा. २०२४ च्या लोकसभेला ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढं होते. टपाली मतं मिळवली आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. मोजणीला टपाली मतं पहिली घेतात, सकाळी आठला. यंत्रं त्यानंतर अर्ध्या तासानं.

पहिली पन्नास मतं खोटी

मतदानाच्या दिवशी खरं मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी केंद्रावर चाचणी होते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून पाहतात, निकाल जुळवतात, मग यंत्र कोरं करतात. चाचणीच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात बंद.

एका मतदान यंत्रावर १६ बटणं. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेला ३८ उमेदवार होते, अधिक ‘नोटा’. म्हणजे पळसदेवच्या मतदारासमोर तीन यंत्रं ओळीनं! बटण दाबलं की शेजारच्या काचेआड चिठ्ठी दिसते, सात सेकंद. तेवढ्यात चिन्ह बघून घ्यायचं.

ग्रामपंचायतीला गणित वेगळं. निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, यादी विधानसभेचीच, फक्त प्रभागवार फोडलेली. प्रभागात तीन जागा असतील तर मतं तीन, वर थेट सरपंचाचं एक.

दोन रुपयांत हरकत

समोरचा मतदार तोतया वाटला तर उमेदवाराचा प्रतिनिधी आक्षेप घेऊ शकतो. फी दोन रुपये. आक्षेप खरा निघाला तर पैसे परत, उगाच काढलेला असेल तर जप्त. चहाही येत नाही त्या पैशात.

आणि तुम्ही जाण्याआधीच कुणी तुमच्या नावावर मत देऊन गेला असेल तर? ओळख पटवा आणि मत मागा. यंत्रावर नाही, पण कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देता येतं. ते पाकिटात जातं, मोजणीत धरत नाहीत. कोर्टकचेरी झाली तर पुरावा म्हणून कामी येतं.

सहाला एक मिनिट कमी

मतदान संध्याकाळी सहापर्यंत. सहाच्या ठोक्याला जे रांगेत ते सगळे पात्र, मग रात्रीचे नऊ वाजले तरी चालेल. केंद्राध्यक्ष त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात आणि सुरुवात करतात रांगेच्या शेवटच्या माणसापासून. पुढून वाटत गेले तर शेपटी वाढतच जाईल ना! म्हणजे सगळ्यात उशिरा आलेल्याला एक नंबरची चिठ्ठी. तरी दारात पुन्हा तोच प्रश्न, यादीत नाव आहे का? तो आजच विचारून ठेवा, कारण उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीची दारं बंद होतात.