संगणकाच्या फायरवॉलविषयी सभासदांना खुलासा



काट्यावर गाडी चढली की वजनाची पावती संगणकातून निघते, हे आता कोणाला नवीन राहिलेले नाही. उसाची नोंद, तोडीचा क्रम, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, बिलातून होणारी सोसायटीची कपात, सगळे संगणकावरच. काटा, शेती विभाग, गट कार्यालये आणि हिशेब विभाग यांचे संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. म्हणून काम झपाट्याने होते. पण धोकाही त्याच वाटेने येतो. त्यासाठी गळीत बंद असतानाच्या काळात आपण प्रत्येक संगणकावर फायरवॉल चालू करण्याचे काम हाती घेतले आहे. "वेशीवर एक पहारेकरी असताना घरोघरी पहारा कशाला?" असे काही सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे.

संगणकात माहितीची ये-जा क्रमांकाच्या दारांतून होते. या दारांना पोर्ट म्हणतात. कोणते दार कोणासाठी उघडायचे, हे फायरवॉल ठरवते. इंटरनेट जिथून आत येते तिथे ती असतेच. पण एकदा कोणी आत शिरले, की पुढे तिचा उपयोग नाही.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजमध्ये फायलींच्या देवघेवीचे ४४५ क्रमांकाचे दार असते, त्यातून तो एका संगणकातून शेजारच्या संगणकात आपोआप शिरे, फायली कुलूपबंद करी आणि खंडणी मागे. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांवर रुग्ण परत पाठवायची वेळ आली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. म्हणजे वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला ओळखीचा म्हणूनच आत सोडला! आत गेल्यावर चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर तो पसरत गेला. मर्स्क या जहाज कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्याच समूहाच्या न्हावाशेवा येथील टर्मिनलचे कामही तेव्हा खोळंबले.

उसाच्या फडाला आग लागली की ती बांध बघत नाही, हे आपणांस सांगायला नको. मधे मोकळा पट्टा असला तरच शेजारचा फड वाचण्याची आशा. इथेही तेच. काट्याच्या संगणकाला सर्व्हरशी बोलावे लागते. टाइम ऑफिसच्या संगणकाशी त्याचे काय काम? मग ते दार बंद.

ही फायरवॉल विंडोजमध्येच असते, निराळी विकत घ्यावी लागत नाही. मेहनत आहे ती नियम ठरवण्यात. घाईने दारे लावली तर छपाई बंद पडते, कारकून वैतागतो आणि फायरवॉलच बंद करून टाकतो. बऱ्याच ठिकाणी घोडे इथेच पेंड खाते. म्हणून आधी काही आठवडे काहीही न अडवता कोणता संगणक कोणाशी बोलतो याची फक्त नोंद घ्यायची, मग एकेका विभागात नियम लावायचे. हे नियम एका जागेवरून सगळीकडे जातील. टेबलावरून कोणालाही ते बदलता येणार नाहीत.

एवढ्याने सगळे भागले असे मात्र नाही. सर्व्हरला काही दारे उघडी ठेवावीच लागतात. म्हणून वेळच्या वेळी अपडेट हवेत, आणि हिशेबाची एक प्रत कोणत्याही संगणकाला न जोडलेली अशी निराळी ठेवायची. ऐन हंगामात संगणक कुलूपबंद झाले तर तोडलेला ऊस गाडीत वाळेल, वजन घटेल, आणि बिल १४ दिवसांत द्यायचे तर हिशेब कशावरून करणार?

सभासदांना एक फरक जाणवेल. आजवर कोणत्याही टेबलावरून दुसऱ्या विभागाचा कागद काढून मिळत असे, तसा तो यापुढे मिळणार नाही. ऊस नोंदीचा उतारा शेती विभागात किंवा आपल्या गट कार्यालयात, आणि बिलाचा हिशेब विभागात मागावा.