स्वमग्नता : दडवू नका, सामावून घ्या

'वेडसर आहे', 'आईने लाडावून ठेवलाय' असे शेरे स्वमग्न मुलांच्या वाट्याला नेहमीच येतात. मग घरची मंडळी त्याला लग्नकार्याला नेणेच बंद करतात.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे वेड नव्हे. यात मेंदूची जडणघडणच वेगळी असते. पूर्वी आईच्या कोरडेपणाला दोष दिला जाई. तो समज साफ खोटा ठरला आहे.

स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंता व नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते. हेटाळणी आणि एकटेपणा हे त्याचे एक मोठे कारण. 'चारचौघांसारखे' दिसण्यासाठी काहीजण बळेच नजरेला नजर देतात, हात हलवण्याची सवय दाबून धरतात. दिवसभराच्या या सोंगाने मन थकते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात.

म्हणून मुलाला दडवू नये. कार्याला अवश्य न्यावे. गोंगाट सोसेनासा झाला तर शांत खोलीत बसू द्यावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तराला वेळ द्यावा. त्याच्यासारख्याच इतरांशी ओळख करून द्यावी.

झोप उडाली, जेवण तुटले, आवडीचे छंदही सुटले, तर 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. 2016 च्या कायद्यानुसार स्वमग्नता हे दिव्यांगत्व असून त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. ते घेण्यात कमीपणा कसला?