अर्ज कुणी लिहायचा?

दिवाळी सरली की आपल्या बिद्री भागात उसाचा हंगाम सुरू होतो. कोल्हापूर-गारगोटी रस्त्याला उसाच्या गाड्या लागतात. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघू लागतो. आणि लांबलांबच्या मुलखातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. शिवारात खोपी उभ्या राहतात. पहाटे अंधारातच नवरा-बायको फडात उतरतात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते. माणसं दोन, पण हिशोबात त्यांना 'एक कोयता' म्हणतात.

चार-पाच महिने ही माणसं आपल्या शिवारात राहतात. आपल्याला त्यांची नावंसुद्धा ठाऊक नसतात.

आता समजा, अशाच एका टोळीतला माणूस आजारी पडला. त्याला गावाकडं जायचं आहे. मुकादम म्हणतो, "उचल फेड, मग खुशाल जा." माणसाजवळ पैसा नाही. मुकादमानं त्याला दोन थपडा दिल्या. बायकोला आणि पोरांना खोपीवर बसवून ठेवलं, राखणीला माणूस ठेवला. तो कसाबसा निसटून पोलिसांकडं गेला. तिथं त्याला सांगितलं, "हा तुमचा आपसातला व्यवहार. आपसात मिटवा." तो परत आला. त्याला लिहिता येत नाही. आणि गावातली माणसं म्हणतात, "परमुलखातली माणसं ती. आपण कशाला मध्ये पडा?"

ही गोष्ट कुठल्या एका कारखान्याची किंवा गावाची नव्हे. समजायला सोपं जावं म्हणून घेतली आहे. पण अशा गोष्टी घडतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

या माणसानं आता काय करावं?

पहिली गोष्ट म्हणजे उचल हे कर्ज आहे. कर्ज घेतलं म्हणून माणूस विकला जात नाही. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं वेठबिगारीला बंदी केली आहे. ही घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. पुढं १९७६ साली वेठबिगारी मोडून काढण्याचा वेगळा कायदा झाला. उचल दिली एवढ्यासाठी माणसाला बांधून ठेवणं, दुसरीकडं जाऊ न देणं, ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही सगळी वेठबिगारीच आहे. असं राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या माणसाचं वेठीचं कर्जही बुडीत धरलं जातं. आणि मजूर म्हणाला की मी वेठबिगार आहे, तर तो तसा नाही हे दाखवण्याचा भार मालकावर असतो. मजुरानं पुरावे गोळा करत हिंडायचं नाही.

इथं मुकादमाची बाजूही सांगायला हवी. उचल घेऊन टोळी येतच नाही, असंही होतं. गाडीमालक आणि मुकादम त्यात बुडतात, कुणाचं शेत गहाण पडतं. त्यांचं दुःख खोटं नाही. पण पैसा वसूल करायला कोर्ट आहे. माणूस कोंडणं ही वसुली नव्हे, तो गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट पोलिसांची. मारहाण आणि कोंडून ठेवणं याची फिर्याद घेऊन माणूस आला, की त्याचं म्हणणं ऐकून लिहून घ्यायचं, त्याला वाचून दाखवायचं, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. गुन्हा दाखल झाला की त्याची नक्कल फुकट द्यायची. कायदा तसं सांगतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे नवे कायदे आले, त्यातही हेच आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यानं फिर्याद घ्यायची आणि मग ती त्या हद्दीतल्या ठाण्याकडं पाठवायची. ठाण्यात घेतली नाही, तर तीच फिर्याद लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते.

आणि तरीही कुणी दाद घेतली नाही तर?

तेव्हा मानवी हक्क आयोगाकडं जायचं. हे नाव आपण ऐकतो, पण तो आयोग काय करतो ते फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात माणसानं माणसाची जी दशा केली, ती पाहून जगातली राष्ट्रं एकत्र बसली. १० डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी माणसाच्या हक्कांचा एक जाहीरनामा काढला. त्याच्या मसुद्यावर आपल्या देशाच्या हंसाबेन मेहता काम करीत होत्या. पहिल्या मसुद्यात 'सारे पुरुष जन्मतः समान आहेत' असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. हंसाबेनांनी हट्ट धरला आणि तिथं 'सारी माणसं' असा शब्द घालून घेतला. एका शब्दानं निम्मं जग आत आलं.

आपल्या देशात मानवी हक्कांचा कायदा १९९३ साली झाला. दिल्लीचा राष्ट्रीय आयोग त्याच वर्षी निघाला. महाराष्ट्राचा आयोग २००१ पासून काम करतो. त्याची कचेरी मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनाच्या समोर आहे.

आता नीट ध्यान द्या. इथंच बऱ्याच लोकांचा घोटाळा होतो. आयोग हे कोर्ट नव्हे. तो कुणाला फाशी देत नाही, तुरुंगात धाडत नाही. भाऊबंदकी, बांध, वाटणी यात तो पडत नाही. आयोग बघतो ते सरकारी माणसाचं वागणं. सरकारी नोकरानं एखाद्याचा हक्क मोडला, किंवा दुसरा कुणी मोडत असताना तो हात बांधून बसला, तर आयोग विचारतो, "असं का झालं? जबाब द्या."

आपल्या गोष्टीतल्या माणसाला लावून बघू. मुकादमानं मारलं, ते काम पोलिसांचं. पोलिसांनी लिहून घेतलं नाही, तर ते काम आयोगाचं. एवढं ध्यानात राहिलं तरी निम्मा लेख समजला.

आयोग अधिकाऱ्याला बोलावून घेऊ शकतो, कागद मागवू शकतो, साक्षी घेऊ शकतो, स्वतः चौकशी करवू शकतो. तुरुंगात जाऊन कैद्यांना कसं ठेवलंय ते पाहू शकतो. चौकशीअंती तो सरकारला सांगतो, या माणसाला एवढी भरपाई द्या, या अधिकाऱ्यावर कारवाई करा. ही शिफारस असते, हुकूम नसतो. "मग काय उपयोग?" असं कुणी म्हणेल. उपयोग आहे. ज्या माणसाला कालपर्यंत कुणी उभं केलं नाही, त्याच्याबद्दल साहेबाला लेखी जबाब द्यावा लागतो. तरी आयोगाकडं कामाचा ढीग फार असतो आणि निकालाला वेळ लागतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

अर्जाला फी नाही. वकील लागत नाही. मराठीत लिहिला तरी चालतो. मात्र घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

आणि या कायद्यात एक वाक्य असं आहे, की ते आपल्यासारख्यांसाठीच लिहिलंय असं वाटावं. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच अर्ज करावा असं नाही. त्याच्या वतीनं दुसरा कुणीही करू शकतो. म्हणजे त्या ऊसतोड्याला लिहिता येत नसलं, तर बिद्रीचा माणूस त्याच्यासाठी लिहू शकतो. शाळामास्तरच हवा असं नाही. गेल्या वर्षी अक्षर शिकलेली बाईसुद्धा लिहू शकते.

कसं लिहायचं? मोठे शब्द नकोत. असं लिहा:

"मी, खाली सही करणार, अमुक गावात राहतो. अमुक नावाचा ऊसतोड मजूर आमच्या शिवारात कामाला आहे. त्याच्या वतीनं मी हा अर्ज करतो. अमुक तारखेला त्याला मारहाण झाली आणि त्याच्या बायकोला व दोन मुलांना खोपीवर अडकवून ठेवलं. अमुक तारखेला तो पोलीस ठाण्यात गेला. तिथं त्याची फिर्याद लिहून घेतली नाही. आम्ही अधीक्षकांना अमुक तारखेला लेखी कळवलं, त्याची पोच सोबत जोडली आहे. तरी चौकशी व्हावी. हा विषय कुठल्याही कोर्टात किंवा दुसऱ्या आयोगापुढं नाही."

बस्स. कुणाला, कधी, कुठं, कुणी, काय केलं, एवढं आलं पाहिजे. शिव्या घालू नका. ऐकीव गोष्ट असेल तर 'ऐकलं' असं लिहा, डोळ्यांनी बघितली असेल तर 'पाहिलं' असं लिहा. आयोग खरंखोटं तपासतो. एक गोष्ट फुगवली, की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

एकट्यानं हे करायला माणूस भितो. भिणारच. गावात राहायचं असतं, मुकादमाशी, पुढाऱ्याशी रोज गाठ पडते. म्हणून चार जणांनी मिळून करावं. त्यासाठी कायद्यानंही जागा ठेवली आहे. वेठबिगारीच्या कायद्यात जिल्ह्याला आणि प्रांतांच्या उपविभागाला दक्षता समिती नेमायची आहे. तिच्यात अधिकाऱ्यांच्या जोडीला त्याच भागातले समाजसेवक आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसं घ्यायची आहेत. तालुक्याला कोर्टाची विधी सेवा समिती असते. तिच्याकडं विधी स्वयंसेवक असतात. ते वकील नसतात. थोडं शिक्षण घेऊन लोकांना कागद करून देणारी ती आपल्यातलीच माणसं असतात. बायका, मुलं, दलित, आदिवासी, अपंग, कैदी आणि गरीब यांना या समितीकडून वकील फुकट मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती देतात.

गावात तंटामुक्त समित्या आहेत. २००७ पासून महाराष्ट्रात ती मोहीम निघाली. बांधाचा तंटा गावातच मिटला तर फार चांगलं. पण माणसाला कोंडणं, बाईवर हात टाकणं, कुणाला वाळीत टाकणं यांची पंचांपुढं तडजोड होत नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध तर महाराष्ट्रात २०१७ पासून वेगळा कायदाच लागू आहे. "जाऊ द्या, मिटवून टाका" म्हणणारा पंच दर वेळी शहाणा असतोच असं नाही.

आता एक वेगळी गोष्ट. हक्क नेहमी मुकादम किंवा पोलीसच हिरावतो असं नाही. कधी आपणच आपल्या घरात हिरावतो. तिथं मुंबईचा आयोग कसा पोचणार?

आपल्याच जिल्ह्यात, पण पार पूर्वेला, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे तुम्ही बघितलं आहे. मयताच्या घरी ती बाई आधीच खचलेली असते. तिच्याभोवती बायका जमतात आणि तिच्याच हातातल्या बांगड्या फोडतात. कोरोनाच्या साथीत कितीतरी तरुण बायकांवर ही पाळी आली. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी हे जवळून बघितलं. त्यांनी स्टँपपेपरावर लिहून ठेवलं, की माझ्या माघारी माझ्या बायकोवर ही जबरदस्ती करू नये. मग त्यांनी इतरांनाही हाक दिली.

ती हाक हेरवाडनं ऐकली. सरपंच सुरगोंडा पाटील होते. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की आमच्या गावात विधवा प्रथा पाळायची नाही. ठराव बाईनंच मांडला, अनुमोदनही बाईनंच दिलं. त्याच मे महिन्यात राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पुरी झाली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या या राजानं १९१७ सालीच विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता.

१७ मे २०२२ रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि साऱ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पुढं कितीतरी गावांनी असे ठराव केले.

ठराव झाला म्हणून रीत एका दिवसात मरत नाही. म्हातारी माणसं कुरकुरतात, सासर-माहेरची माणसं डोळे वटारतात. पण ज्या पोरीला बांगड्या ठेवायच्या आहेत, तिच्या पाठीशी आता गावाचा कागद आहे. "माझी इच्छा" असं म्हटलं की लोक दटावत होते. "गावाचा ठराव" म्हटलं की थोडे थांबतात.

ग्रामसभेत असा ठराव कुणालाही मांडता येतो. ग्रामपंचायतीत आधी लेखी द्यायचं, म्हणजे विषय पत्रिकेवर येतो. ठराव झाला की तो इतिवृत्तात लिहिला गेला का, ते सभा उठायच्या आत स्वतः वाचून बघायचं. वाचता येतं आता आपल्याला.

आणि आयोगाला अर्ज पाठवणार असाल, तर त्याच्या दोन प्रती करा. एक स्पीड पोस्टानं पाठवा. दुसरी घरी ठेवा. पोस्टाची पावती त्या प्रतीला टाचणीनं लावा आणि ती पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवा. पुढं कचेरीत कुणी म्हणालं, "तुमचा अर्ज आलाच नाही," तर ती पावती काढून दाखवता येते.