सकाळी आठची टेस्ट राइड

गेल्या जानेवारीत सकाळी सातला विजयनगरहून सुपर कॉरिडॉरकडे ऑफिसला निघालो होतो. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला आणि दवाने ओल्या झालेल्या झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक सरकलं. गुडघा सोलला, एवढंच. पण तेव्हापासून बायको मागे बसेना. या हिवाळ्यात बाइक बदलायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, "टेस्ट राइडला मीही येणार, आणि सकाळच्या गारठ्यातच."

शोरूम उघडतं साडेदहाला. तोवर धुकं विरतं, रस्ता वाळतो आणि कुठलीही बाइक छानच चालते. "भिया, एक चक्कर मारो, मक्खन है," असं तिथला मुलगा म्हणालाच होता. बऱ्याच विनवण्या केल्यावर आठची वेळ मिळाली.

आधी इंजिनला हात लावून पाहिला. गार होतं. गरम करून ठेवलेली गाडी एका बटणात सुरू होणारच, त्यात काय कळणार? (बाबांची चेतक थंडीत तिरकी करून, चोक ओढून, किका मारून दम लागल्यावर सुरू व्हायची. आता फ्युएल इंजेक्शन आलं, चोक गेला.) मग टायरची हवा मोजायला लावली. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा दीड-दोन पीएसआयने कमी भरते. गार रबर कडक होतं, पकड कमी होते. कोरा टायर तर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीतच असतो.

रिकाम्या रस्त्यावर आधी एकट्यानेच ताशी 30 च्या वेगात जोरात ब्रेक मारला. लिव्हर थरथरली, चाक अडकलं नाही. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, पण सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. ही ड्युअल चॅनल होती. अर्थात, ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला अंतर जास्त लागतंच.

मग ती मागे बसली. दोन सिग्नल, एक स्पीड ब्रेकर, एक यू-टर्न. उतरल्यावर म्हणाली, "ब्रेक चांगला आहे रे, पण दर ब्रेकला मी घसरून तुझ्या पाठीवर येते. सीट फारच उतरती आहे."

हे माझ्या तक्त्यात नव्हतंच! एक्सेलमध्ये मायलेज, टॉर्क, किंमत असे अकरा रकाने केले होते. बारावा तिने भरला. शोरूमच्या मुलाचा चेहरा उतरला. आम्ही पोहे-जिलबी खाऊन घरी आलो. येत्या शनिवारी दुसरी गाडी, सपाट सीटची. वेळ पुन्हा सकाळी आठचीच मागितली आहे.