घोड्याच्या जागी सायकल

सुरतच्या बमरोलीत लूमखात्यांच्या, म्हणजे यंत्रमाग कारखान्यांच्या, गल्लीत बोलायचं तर ओरडूनच. उधना, पांडेसरा, बमरोली हा पट्टा जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या माणसांनी भरलेला. व्हीसीडीच्या दिवसांत इथल्याच एका खोलीत, भाड्याच्या प्लेअरवर, मी ‘मालेगाव के शोले’ हे ‘शोले’चं विडंबन पाहिलं. पडद्यावर डाकू आले आणि खोलीत हशा पिकला. डाकू सायकलींवर होते, आणि आगगाडीऐवजी बसचा पाठलाग चालला होता.

उजाड डोंगर, घोडे, बंदुका हा 1975च्या ‘शोले’चा थाट अमेरिकी-इटालियन वेस्टर्नकडून आलेला. वेस्टर्नची टिंगल तशी जुनीच. 1948च्या ‘द पेलफेस’मध्ये बॉब होपनं भित्रा दंतवैद्य रंगवला होता. पण त्याच्या पाठीशी हॉलिवूडचा स्टुडिओ होता. मालेगावच्या शेख नासिरपाशी होतं ते व्हिडिओ पार्लर आणि लग्नं शूट करायचा अनुभव. 2000 साली सुमारे 50 हजारांत त्यानं ‘मालेगाव के शोले’ उभा केला. गब्बरचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती!

‘स्वस्तातली नक्कल’ म्हणून हा सिनेमा बाजूला सारणं मला पटत नाही. घोडा परवडत नव्हता हे खरं, पण नासिरनं ती अडचण झाकली नाही, तिचाच विनोद केला. आणि प्रेक्षक कोण, तर ज्यांना ‘शोले’चे संवाद तोंडपाठ आहेत असे मालेगावचे यंत्रमाग कामगार. शुक्रवारी माग बंद, व्हिडिओ हॉल भरलेले. रोज शेजारच्या मागावर दिसणारा माणूस पडद्यावर दरडावताना बघायची गंमत मुंबईचा कुठला नट देणार?

फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) या माहितीपटात नासिरचं पुढचं काम दिसतं. क्रेन हवी, तर बैलगाडी आहेच. कॅमेरावाला पुढच्या दांड्यावर बसतो, मागून माणसं गाडी दाबतात, दांडा हळूहळू वर जातो आणि त्याच्यासोबत कॅमेराही. झाला क्रेन शॉट! पुढे रीमा कागतींनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला, तो 2025मध्ये थिएटरात लागला. तो नीटनेटका आहे, पण मला बैलगाडीच जास्त आठवते.

त्या रात्री खोलीतल्या एका काकांनी सायकलींचा प्रसंग दोनदा मागे नेऊन पाहिला. मग घड्याळ बघून उठले. रात्रपाळी होती. दाराशी टेकवलेल्या सायकलवर त्यांनी टांग टाकली तशी पोरं ओरडली, “रबरसिंग चालना!”